बॉम्ब दाखवा, ठेवणारा लपवा

१९६० साली ‘सायको’ येऊ घातला होता, तेव्हा अमेरिकेतल्या थिएटरांत त्याचा साडेसहा मिनिटांचा ट्रेलर लागला. त्यात सिनेमातल्या प्रसंगांचे तुकडे नव्हतेच. होते ते खुद्द दिग्दर्शक आल्फ्रेड हिचकॉक. सूट घातलेले, स्थूल अंगाचे हिचकॉक एका ओसाड मोटेलपाशी उभे राहतात आणि पर्यटकांना वाडा दाखवणाऱ्या गाइडच्या थाटात आपल्याला सगळा सेट फिरवून आणतात. मागे हलकंफुलकं, जवळजवळ खेळकर संगीत वाजत असतं. मोटेलमागच्या जुन्या घरात जिन्यापाशी थांबून ते सांगतात, दुसरा खून इथे झाला. बळी कसा कोसळला याचं वर्णन हातवारे करत सुरू करतात आणि वाक्य अर्धवट सोडून पुढे निघतात. आईच्या खोलीत जातात. मोटेलच्या बैठकीतल्या एका चित्राकडे बोट दाखवून म्हणतात की हे फार महत्त्वाचं आहे, आणि का ते सांगत नाहीत. मग बाथरूम. आता सगळं धुऊनपुसून स्वच्छ केलंय, असं म्हणत कमोडचं झाकण उचलतात. महत्त्वाचा धागा इथेच सापडला म्हणे. शेवटी हात लांबवून शॉवरचा पडदा सर्रकन ओढतात. एका किंचाळणाऱ्या बाईचा चेहरा, कर्कश व्हायोलिनं, आणि पडद्यावर नाव.

तो चेहरा व्हेरा माइल्सचा आहे, डोक्यावर विग चढवलेला. सिनेमात शॉवरखाली असते ती जॅनेट ली. ट्रेलर पाहून आलेल्या प्रेक्षकाला त्या बाथरूममध्ये काहीतरी भयंकर घडणार हे पक्कं ठाऊक होतं. कोणाच्या बाबतीत, हे मात्र त्याच्यापर्यंत चुकूनही पोचलेलं नव्हतं.

हिचकॉकनी काय काय सांगून टाकलं पाहा. खून दोन. एक जिन्यावर, एक बाथरूममध्ये. घरात एक विक्षिप्त, हुकमत गाजवणारी आई आणि तिच्या धाकातला मुलगा. एवढी माहिती आज एखाद्या निर्मात्याने ट्रेलरमध्ये दिली, तर सगळं फोडलं म्हणून लोक ओरडतील. तरीही ‘सायको’ फुटला नाही. कारण मरणार कोण आणि मारणार कोण, या दोन गोष्टी त्यांनी मुठीत घट्ट धरून ठेवल्या. (ज्यांनी सिनेमा अजून पाहिलेला नाही त्यांच्यासाठी मारेकऱ्याचं नाव मीही इथे लिहीत नाही.)

यामागचं तत्त्व हिचकॉकनी फ्रेंच दिग्दर्शक फ्रान्स्वा त्रुफो यांना १९६२ च्या प्रदीर्घ मुलाखतीत समजावून सांगितलं होतं. दोन माणसं टेबलाशी बसून साध्या गप्पा मारताहेत आणि अचानक टेबलाखालचा बॉम्ब फुटतो. प्रेक्षकाला पंधरा सेकंदांचा धक्का बसतो. पण बॉम्ब तिथे आहे आणि तो एक वाजता फुटणार आहे, हे प्रेक्षकाला आधी सांगितलं, भिंतीवरचं घड्याळ दाखवलं, की त्याच निरर्थक गप्पा तो पंधरा मिनिटं जीव मुठीत धरून ऐकतो. पहिला प्रकार आश्चर्याचा, दुसरा उत्कंठेचा. म्हणजे थ्रिलरमध्ये माहितीच दोन जातींची असते. बॉम्ब असल्याची माहिती भीती निर्माण करते. ती जितकी आधी द्याल तितकी चांगली. बॉम्ब कोणी ठेवला, ही माहिती भीती संपवते. ट्रेलर कापणाऱ्याचं सगळं कौशल्य या दोन जाती वेगळ्या ओळखण्यात आहे. थ्रिलरच्या ट्रेलरचे जे संकेत आज आपल्या डोळ्यांना सरावाचे झालेत, ते पहिल्या जातीची माहिती सढळ हाताने देऊन दुसरी दडवण्याच्या धडपडीतूनच तयार झाले, असं माझं ठाम मत आहे. आणि संकेत मोडायचा असेल तर तोही हे ध्यानात ठेवूनच मोडावा लागतो.

आजचा सर्वसाधारण ट्रेलर आठवा. सुरुवातीला कंपन्यांची बोधचिन्हं, तीही काळपट करून. मग उंचावरून दिसणारा रस्ता, जंगल किंवा शहर. एक घर, एक कुटुंब, सकाळचा चहा, मुलांचं हसणं. हा सुखाचा भाग अर्ध्या मिनिटाहून जास्त टिकत नाही, पण तो लागतोच, कारण गमावण्यासारखं काही दिसल्याशिवाय भीतीला धरायला जागा मिळत नाही. मग एक फोन वाजतो, एखादं दार उघडं सापडतं, एखादी व्यक्ती घरी परतत नाही. इथून शॉट आखूड होत जातात. दोन शॉटच्या मध्ये काळा पडदा येऊ लागतो. संगीताखाली घड्याळासारखी टिकटिक सुरू होते, ती चढत जाते, आणि अगदी टोकाला पोचून सगळं तुटतं. पूर्ण शांतता. त्या शांततेत एकच वाक्य, बहुधा कुजबुजलेलं. मग नाव. आणि नावानंतर, संपलं असं वाटत असताना, एक शेवटचा दचका.

काळा पडदा यातला सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात प्रभावी भाग. एखादी व्यक्ती मागे वळते, आणि तिला काय दिसलं हे दाखवण्याआधीच पडदा काळा होतो. त्या अर्ध्या सेकंदात प्रेक्षक स्वतःच्या मनातलं काहीतरी तिथे ठेवतो, आणि ते दिग्दर्शकाने चित्रित केलेल्या कुठल्याही गोष्टीपेक्षा त्याला जास्त घाबरवतं. शिवाय काळ्या पडद्यामुळे एडिटरची दुसरीच अडचण सुटते. ट्रेलरमध्ये शेजारी ठेवलेले दोन शॉट सिनेमात चाळीस मिनिटांच्या अंतरावर असू शकतात. कपडे वेगळे, वेळ वेगळी, जागा वेगळी. मध्ये काळोख आला की डोळा हिशेब मागत नाही.

ट्रेलर बहुतेक वेळा आधी कानाने कापला जातो. सिनेमातले सगळे संवाद वेगळे काढून एडिटर त्यांतली दहा-पंधरा वाक्यं निवडतो, त्यांची एक माळ लावतो, तिच्याखाली संगीत घालतो, आणि मग त्यावर चित्रं बसवतो. एका पात्राने पहिल्या अंकात विचारलेल्या प्रश्नाला दुसऱ्या पात्राने शेवटच्या अंकात दिलेलं उत्तर जोडलेलं असू शकतं. ऐकणाऱ्याचा चेहरा तर तिसऱ्याच प्रसंगातला असतो. संगीतही पुष्कळदा सिनेमाचं नसतं, कारण ट्रेलर बाहेर पडायच्या वेळी सिनेमाचं पार्श्वसंगीत तयारच झालेलं नसतं. ट्रेलरसाठीच संगीत बनवून ठेवणाऱ्या कंपन्यांकडून ते घेतात. म्हणजे ट्रेलर ही सिनेमाची संक्षिप्त आवृत्ती आहे असं धरून चालता येत नाही. त्याच कच्च्या मालातून बनवलेली ती एक वेगळी, छोटी कलाकृती असते.

हिचकॉकना हे फार आधी उमगलं होतं. १९४८ च्या ‘रोप’ची सुरुवातच एका तरुणाच्या गळा आवळून केलेल्या खुनाने होते, पुढचा सगळा सिनेमा त्याचा मृतदेह ठेवलेल्या पेटीभोवती फिरतो. ट्रेलरमध्ये मात्र हाच तरुण बागेत आपल्या प्रेयसीशी लग्नाच्या गोष्टी करताना दिसतो. हा प्रसंग सिनेमात नाही, तो खास ट्रेलरसाठी चित्रित केला. तरुण उठून जातो आणि जेम्स स्ट्युअर्टचा आवाज सांगतो की तिने त्याला जिवंत पाहिलं ते शेवटचं. सिनेमात ज्याला आपण मृतदेह म्हणूनच ओळखणार, तो आता कुणाचा तरी प्रियकर झाला. दीड मिनिटात पेटीला वजन आलं.

आता मोडण्याकडे वळू. मोडायचं म्हणून सगळंच मोडणारा ट्रेलर प्रेक्षकाला कोडं वाटतो आणि तो विसरलाही जातो. लक्षात राहिलेले बंडखोर ट्रेलर तपासले तर दिसतं, की त्यांनी एखादाच संकेत मुळापासून उपटला आणि बाकीचे निष्ठेने पाळले. १९८० च्या ‘द शायनिंग’चा टीझर घ्या. स्टॅन्ली क्युब्रिकने त्यात एकही कट ठेवला नाही. हॉटेलच्या मार्गिकेत लिफ्टची दोन बंद दारं, स्थिर कॅमेरा, खालून वर सरकत जाणारी नावं आणि मागे अस्वस्थ करत जाणारे ध्वनी. बराच वेळ काहीच घडत नाही. मग लिफ्टच्या दाराच्या कडेने रक्ताचा लोंढा संथपणे बाहेर पडतो, भिंतींवर आदळतो, खुर्च्या वाहून नेतो आणि शेवटी कॅमेऱ्याच्या काचेवर येऊन सगळं लाल करून टाकतो. वेगवान कटांचा नियम गेला. पण चढत जाणारा ताण राहिला, शेवटचा आघात राहिला, आणि भीतीचं कारण दाखवून उत्तर दडवणं तर शंभर टक्के राहिलं. कुणाचं रक्त, कुठून आलं, काही कळत नाही.

२००७ च्या उन्हाळ्यात ‘ट्रान्सफॉर्मर्स’च्या आधी एक टीझर दाखवला गेला. निरोप समारंभाची पार्टी, घरगुती कॅमेऱ्याने टिपलेली, दूरवर स्फोट, लोक रस्त्यावर धावतात आणि स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्याचं मुंडकं गडगडत त्यांच्यासमोर येऊन पडतं. शेवटी फक्त तारीख, १८ जानेवारी २००८. सिनेमाचं नावच नाही. जाहिरातीत मालाचं नाव न सांगणं यापेक्षा मोठा नियमभंग कुठला? पण रचना पाहा: सुख, व्यत्यय, गोंधळ, आघात, तारीख. सगळं जागच्या जागी. नाव शोधण्याचं काम प्रेक्षकांनी इंटरनेटवर आनंदाने अंगावर घेतलं. तो सिनेमा म्हणजे ‘क्लोव्हरफिल्ड’.

आणि डेव्हिड फिंचरच्या ‘द गर्ल विथ द ड्रॅगन टॅटू’चा २०११ मधला टीझर, जो मला या सगळ्यांत सर्वांत धीट वाटतो. त्यात एकही संवाद नाही. लेड झेपेलिनच्या जुन्या गाण्याची ट्रेंट रेझनर, अॅटिकस रॉस आणि कॅरन ओ यांनी केलेली किंचाळणारी आवृत्ती, तिच्या प्रत्येक ठोक्यावर एक शॉट, आणि मधूनमधून बर्फातून एका हवेलीकडे सरकत राहणारा कॅमेरा. कथा शून्य. हे धाडस फिंचरला परवडलं, कारण स्टीग लार्सनची कादंबरी तोवर जगभर कोट्यवधी लोकांच्या हातात पडली होती आणि २००९ मध्ये स्वीडनमध्ये तिच्यावर सिनेमाही निघाला होता. काय घडणार हा प्रश्न शिल्लकच नव्हता; हा दिग्दर्शक ते कसं दाखवणार, एवढाच होता. सिनेमा नाताळात येणार होता, जेव्हा अमेरिकेत सगळे मन प्रसन्न करणारे कौटुंबिक चित्रपट विकत असतात. टीझरने मोठ्या अक्षरांत जाहीर केलं की हा नाताळचा मन उदास करणारा सिनेमा आहे. एकाच ओळीत सिनेमाची जात सांगितली आणि बाजाराचा रिवाजही मोडला.

यशस्वी नियमभंगाचं आयुष्य मात्र छोटं असतं. २०१० मध्ये फिंचरच्याच ‘द सोशल नेटवर्क’च्या ट्रेलरसाठी मार्क वुलेन यांच्या संस्थेने रेडिओहेडचं ‘क्रीप’ निवडलं, तेही बेल्जियममधल्या मुलींच्या गायनवृंदाने संथ स्वरात गायलेलं. संकेतस्थळ बनवणाऱ्या विद्यार्थ्याची गोष्ट त्या गाण्याने एकदम काळीकभिन्न वाटू लागली. पुढच्या काही वर्षांत जुनं लोकप्रिय गाणं, कोवळा बायकी आवाज, संथ लय हा नुस्खा इतका फिरला की आता तो ऐकू आला तर पुढचा शॉट कुठला असेल तेही सांगता येतं. २०१० च्याच ‘इन्सेप्शन’च्या प्रचारातला तो जहाजाच्या भोंग्यासारखा दणका तर जगभरच्या थ्रिलरांनी उचलला, तो मुळात कोणाचा यावरून संगीतकारांमध्ये श्रेयाचा वादही झाला. त्याआधीच्या पिढीत हॉलीवूडच्या ट्रेलरांवर डॉन लाफाँटेनसारख्यांचा घनगंभीर निवेदक आवाज राज्य करत होता. २००८ मध्ये ते गेले, आणि तोवर तो आवाज विडंबनाचा विषय झाला होता. एके काळी त्या आवाजाने अंगावर काटा येत असे. संकेत झिजतात ते असे. म्हणून गेल्या वर्षी गाजलेल्या ट्रेलरची नक्कल करणारा एडिटर कायम एक वर्ष मागे असतो.

उत्तर फोडण्याची चूक मोठमोठ्यांच्या हातून झालेली आहे. ‘टर्मिनेटर २’ची सुरुवात जेम्स कॅमेरॉनने अशी रचलेली आहे की मुलाच्या मागे लागलेल्या दोघांपैकी तारणारा कोण आणि मारणारा कोण, हे प्रेक्षकाला बराच वेळ कळू नये. १९९१ च्या ट्रेलरने श्वार्झनेगर या वेळी मुलाच्या बाजूचा आहे हे आधीच सांगून टाकलं, आणि ती सगळी मेहनत वाया गेली. २००० सालच्या ‘व्हॉट लाइज बिनीथ’च्या ट्रेलरने नायिकेच्या नवऱ्याचं गुपितच बाहेर काढलं. त्याचे दिग्दर्शक रॉबर्ट झेमेकिस यांनी यावर बाजू मांडली होती: लोकांना आपण काय पाहायला जातोय हे नीट माहीत असायला हवं असतं, असंच बाजाराचा अनुभव सांगतो.

झेमेकिस यांचं म्हणणं झटकून टाकण्यासारखं नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो शाखेतल्या जोनाथन लेव्हिट आणि निकोलस क्रिस्टेनफेल्ड यांनी २०११ मध्ये वाचकांना लघुकथा देऊन पाहिल्या. काहींना शेवट आधीच सांगितला, काहींना नाही. त्यांत रहस्यकथाही होत्या. शेवट कळलेल्यांना कथा कमी आवडली असेल, असं कुणालाही वाटेल. उलट त्यांना ती सरासरीने थोडी जास्तच आवडली. पण या प्रयोगात कथा वाचकाच्या हातात आधीच होती. ती वाचायला घ्यायची की नाही, हे त्याला ठरवायचं नव्हतं. ट्रेलरला नेमकं तेच ठरवायला लावायचं असतं. उत्तर मिळालेला माणूस सिनेमा कदाचित मजेत पाहीलही, पण तिकीट काढण्याची त्याची निकड गेलेली असते.

उत्तर फोडल्याचा आव आणून प्रत्यक्षात बॉम्बच दाखवायचा, हा यावरचा फार हुशार उपाय. गोव्यात घडणारा हिंदी ‘दृश्यम’ २०१५ मध्ये आला. दिग्दर्शक निशिकांत कामत, ‘डोंबिवली फास्ट’चे. जीतू जोसेफ यांच्या २०१३ च्या मल्याळम सिनेमावरून तो बेतला होता. केबलचा धंदा करणाऱ्या विजय साळगावकरच्या कुटुंबाच्या हातून एक मृत्यू घडतो, हे प्रेक्षक स्वतःच्या डोळ्यांनी पाहतो. खून कोणी केला हा प्रश्नच नाही. पोलीस सत्यापर्यंत पोचतील का, हा प्रश्न. म्हणजे सबंध सिनेमाच टेबलाखालच्या बॉम्बवर उभा आहे.

२०२२ मध्ये अभिषेक पाठक यांचा ‘दृश्यम २’ येताना अडचण अशी होती की पहिल्या भागाचं सगळं लोकांना पाठ झालेलं. विजयने पोलिसांसाठी रचलेल्या बनावातले दोन ऑक्टोबर, सत्संग, पावभाजी यांवर लोक वर्षानुवर्षं विनोद करत होते. निर्मात्यांनी सप्टेंबरअखेर जो टीझर काढला त्यात याच आठवणी पुन्हा जाग्या केल्या, जुनी बिलं आणि तिकिटं यांसकट. इथपर्यंत ते उजळणीसारखं वाटतं. मग शेवटी विजय साळगावकर कॅमेऱ्यासमोर बसतो आणि म्हणतो की हा माझा कबुलीजबाब आहे. ज्या क्षणाची प्रेक्षक सात वर्षं धास्ती घेऊन बसला होता, तोच टीझरमध्ये देऊन टाकला! रिवाजाप्रमाणे हा क्षण सगळ्यात खोल लपवायला हवा होता. पण तो उघडा केल्याने काय कबूल करणार, का करणार, खरं बोलणार का, हे नवे प्रश्न उभे राहिले, आणि त्यांतल्या एकाचंही उत्तर टीझरमध्ये नाही. हिंदी थ्रिलरच्या प्रचारात इतका नेमका विचार मी क्वचित पाहिला आहे.

फसवण्याची मर्यादा कुठे, हा प्रश्न इथे टाळून चालणार नाही, आणि त्याचं एक प्रकरण महाराष्ट्रातूनच थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. २०१६ च्या ‘फॅन’ या शाहरुख खानच्या थ्रिलरच्या प्रचारात एक गाणं जोरात वाजत होतं. सिनेमात ते नव्हतंच. त्या वेळच्या औरंगाबादमधल्या, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरमधल्या एक शिक्षिका कुटुंबासह सिनेमा पाहायला गेल्या होत्या. त्यांनी ग्राहक मंचाकडे तक्रार केली. जिल्हा मंचाने ती फेटाळली. राज्य आयोगाने दहा हजारांची भरपाई आणि पाच हजार खर्च मंजूर केला. राष्ट्रीय आयोगाने तो निकाल कायम ठेवला. एप्रिल २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला. प्रचाराचा ट्रेलर म्हणजे प्रेक्षकाशी केलेला करार होत नाही, असं न्यायालयाने म्हटलं.

कायदा तेवढ्यावर थांबला. एडिटरने मात्र स्वतःसाठी पुढची रेघ आखावी असं मला मनापासून वाटतं. खुनी कोण याबद्दल प्रेक्षकाची दिशाभूल करणं हा या प्रकारातला मान्य खेळ आहे. प्रेक्षक तो खेळायलाच येतो. सिनेमा कुठल्या जातीचा आहे याबद्दल दिशाभूल करणं वेगळं. निकोलस विंडिंग रेफनचा ‘ड्राइव्ह’ २०११ मध्ये आला तेव्हा मिशिगनमधल्या एका प्रेक्षक महिलेने वितरकावर दावा लावला: ट्रेलरवरून हा भन्नाट गाड्यांच्या पाठलागाचा सिनेमा वाटला, प्रत्यक्षात गाड्या फारशा पळतच नाहीत. दाव्याचं सोडा, पण त्या बाईंची तक्रार खरी होती. संथ, उदास सिनेमाला त्याचा खरा प्रेक्षक मिळवून द्यायचा असेल, तर ट्रेलरनेही थोडं संथ आणि उदास होण्याची हिंमत करायला हवी.

हे सगळं हातात घेऊन एक ट्रेलर जुळवून पाहू. समजा, गोष्ट अशी आहे: चिपळूणहून रात्री सुटणारी मुक्कामाची एसटी. कंडक्टर एक तरुण बाई. घाटात पाऊस. ती वे-बिल भरायला तिकिटं मोजते, अकरा. मागे वळून डोकी मोजते, बारा.

कंडक्टर बाई ठेवण्यातच एक संकेत वाकवलेला आहे. थ्रिलरच्या ट्रेलरमध्ये बाई बहुतेक वेळा धावत असते, किंचाळत असते किंवा बेपत्ता असते. इथे मोजणारी, हिशेब ठेवणारी तीच आहे. एसटीत बायका कंडक्टर म्हणून वर्षानुवर्षं काम करताहेत, त्यामुळे त्यात ओढूनताणून आणलेलंही काही नाही. सुजॉय घोष यांनी २०१२ च्या ‘कहानी’त गरोदर बाईला तपासाच्या केंद्रस्थानी ठेवलं, तेव्हा प्रेक्षकाच्या मनातली अबलेची ठरीव प्रतिमाच त्यांनी कामाला लावली होती. तेवढी उंची गाठायची जरुरी नाही. ट्रेलरमध्ये तिला पळताना दाखवायचं नाही, एवढं पाळलं तरी पुरे.

रिवाजाने कापायचं तर धुक्यातला घाट, दिव्यांची माळ, प्रवाशांशी थट्टामस्करी, बारा हा आकडा, मग चढतं संगीत, टॉर्चचा उजेड, किंकाळी. चांगला होईल, पण हजारांतला एक होईल. म्हणून एकच संकेत काढून टाकू: संगीत. त्याच्या जागी फक्त तिकीट मशीनचा आवाज. कागद बाहेर पडताना होणारी ती ‘कर्र’. कंडक्टर विचारते, “बोला, कुठं?” कुणीतरी गावाचं नाव सांगतं. कर्र. चेहरा. दुसरा प्रवासी. कर्र. चेहरा. एक म्हातारे गृहस्थ पिशवी मांडीवर घेऊन बसलेत, “ताई, अर्धं तिकीट हां,” असं सांगताहेत. कर्र. पहिल्या चार चेहऱ्यांना आपण निवांत वेळ देऊ, प्रत्येकी सहा-सात सेकंद. इथे प्रवासी ओळखीचे व्हायला हवेत. सुखाचा भाग तो हाच. पाचव्यापासून गावाचं नाव गाळू, नुसता आवाज आणि चेहरा. आठव्यापासून चेहऱ्यांच्या मध्ये घाटातले तुकडे येऊ लागतील: वायपर, बंद पडलेला आतला दिवा, रस्त्यात आडवं पडलेलं झाड. अकराव्या आवाजानंतर तिच्या बोटांखाली वे-बिल, आणि ओठांवर पुटपुटलेले आकडे.

प्रत्येक आवाजाला एक चेहरा, हा नियम प्रेक्षकाने एव्हाना न सांगता शिकलेला असतो. बाराव्या डोक्यापाशी तिची नजर थांबते. मशीन वाजत नाही. पडदा काळा. मग नाव. नावानंतर रिवाजाप्रमाणे शेवटचा दचका हवाच, तो काढायचा नाही: अंधारातून तिचा स्थिर आवाज येतो, “बोला, कुठं?” आणि मशीन आपोआप वाजतं. कर्र.

यात बॉम्ब पूर्ण दाखवला आहे, आकड्यासकट. ठेवणारा दाखवलेला नाही. किंकाळी, रक्त, पाठलाग यांपैकी काहीच वापरलेलं नाही, तरी लय, काळोख, शांतता आणि शेवटचा आघात शिल्लक आहेत. लांबी पावणेदोन मिनिटांच्या आत बसते. थिएटरात लावायचा तर सेन्सॉर बोर्डाचं प्रमाणपत्र लागतं, तिथेही अडण्यासारखं काही नाही.

कापून झाल्यावर तो पटकथा न वाचलेल्या चार-पाच जणांना दाखवावा, शक्य तर मोबाइलवर, कारण बहुतेक लोक तो तिथेच पाहणार आहेत. आवडला का, हे विचारू नये. लोक भिडेपोटी हो म्हणतात. दोनच प्रश्न विचारावेत. तुम्हाला कशाची भीती वाटतेय? सगळ्यांचं उत्तर जवळपास एक यायला हवं. आणि यामागे कोण असेल? इथे प्रत्येकाने वेगळं नाव घेतलं तर ट्रेलर तयार आहे. दोघांनी एकच बरोबर नाव घेतलं, तर त्यांना ते कुठल्या शॉटवरून सुचलं हे विचारून तो शॉट काढावा, आणि ट्रेलर नव्या माणसांना दाखवावा.